रखवालदार नसलेलं रान

प्रुइटचा ओहोळ, इलिनॉय
२० मे १८४५

गेशेताई,

आधी चांगली बातमी. आमच्या दारात गाय आली! तांबूस आहे, कपाळावर पांढरा पट्टा, म्हणून नाव ब्लेसे ठेवलं, आपल्या आईच्या गायीचंच. सोबत महिन्याचं वासरू आहे. माझ्या लग्नातला शालीला लावायचा चांदीचा आकडा त्यात गेला. रागावू नकोस, तो आकडा काही दूध देत नव्हता.

डोर्टेसाठीच घेतली. जहाजावरच्या नऊ आठवड्यांत पोरीची पार चिमणी झाली होती. चार वर्षांची मुलगी, पण कडेवर घेतली तर कपड्यांचं गाठोडं उचलल्यासारखं वाटायचं. आता बघशील तर ओळखणार नाहीस. सकाळी मी धार काढायला बसले की लाकडी वाटी घेऊन समोर उभी. पिऊन झालं की दुधाची मिशी माझ्यासमोर धरते. "पूस," म्हणते. स्वतः पुसणार नाही, महाराणी आहे ना! तिकडं एक मूल पेरणीआधी पुरून मी इथवर आले, ताई. हिला मी वाढवणार. बाकी जमीन पिको न पिको.

आणि रान! आमच्या झोपडीमागं ओहोळाच्या उगमापर्यंत नुसतं रान आहे, ओक, अक्रोड, खाली ओली घळ, आणि राखणदार कोणी नाही. दंड नाही, कोंडवाडा नाही. त्या दुष्काळाच्या साली आईची गाय सरदाराच्या रानात सापडली आणि आई दोन दिवस कोंडवाड्याच्या फाटकाशी बसून राहिली होती, आठवतं ना? योस्टनं पहिल्या दिवशी रानाच्या कडेला उभं राहून आरोळी ठोकली, "आहे का रे कोणी राखणदार?" कोणी ओ दिली नाही. मग आम्ही दोघं वेड्यासारखे हसत सुटलो.

शेजार म्हणशील तर एकच बाई, टॅबिथा प्रुइट. ओहोळ तिच्या नवऱ्याच्या नावाचा आहे, नवरा मात्र नाही. अनवाणी हिंडते, तोंडात चिलीम. तिला आपलं बोलणं येत नाही, मला तिचं. रोज कुंपणापाशी येते आणि ब्लेसेकडं टक लावून बघत राहते. मी शेजारधर्म म्हणून वाटीभर दूध नेलं, तर मागं सरली. वाटीला हातसुद्धा लावला नाही! आपल्याकडं कोणी असं केलं असतं तर तीन पिढ्या बोलणं बंद. तिच्या घरामागं गोठा आहे, त्यात गाय नाही.

या लोकांचं सगळंच उलटं. ऑगस्ट लागला की गाई कुंपणात कोंडतात म्हणे, थंडी पडेपर्यंत मक्याचा कडबा घालतात आणि दूध पीत नाहीत. योस्टला त्यांचे दहा-वीस शब्द येतात. त्यानं कारण विचारलं, तर जो तो पोटावर हात ठेवून "आजार, आजार" म्हणतो. योस्ट म्हणतो, गुरांमागं हिंडायचा कंटाळा, हाच यांचा आजार.

पण उन्हाळ्यात इथलं गवत करपतं हे खरं दिसतं. तेव्हा ब्लेसेला काय घालू? दूध आटलं तर डोर्टेचं काय? तू तीस गाईंचं दूधघर चालवतेस. लवकर लिही.

तुझी
इल्साबाइन


इबुर्ग
२ ऑगस्ट १८४५

इल्से, माझे गुणाचे,

पत्र सोमवारी मिळालं. दूधघरात सगळ्या पोरींना मोठ्यानं वाचून दाखवलं. मिशी पुसून घेणाऱ्या महाराणीवर सगळ्या खूश आहेत. चांदीचा आकडा विकलास त्याबद्दल मात्र मी अजून चार महिने रागावणार आहे.

आता ऐक. अगं, जिच्या दारामागं रान आहे तिनं गायीला काय घालू म्हणून विचारावं? आई ऐकती तर कपाळावर हात मारून घेती. गवत करपलं की गाय रानात न्यायची. कडेकडेनं नको, आत, जिथं ऊन पोचत नाही तिथं. तू ओली घळ म्हणालीस ना, तीच. तिथला पाला शेवटपर्यंत हिरवा राहतो. सरदाराच्या गाई कोरड्या सालातही कासंडी भरून दूध का द्यायच्या? त्यांना घळ होती, आपल्याला बांध होता. आता घळ तुझी आहे. तिथं गाय न नेणं म्हणजे आईच्या अश्रूंचा अपमान आहे, मी सरळ सांगते.

कडबा घालून गाय वाळवणाऱ्यांचं ऐकू नकोस. ज्यांना दुधाची किंमत नाही त्यांना गाय कसली कळते? डोर्टेला धारोष्णच दे. जरा मलूल दिसली तर दुप्पट दे. दुधानं कोणाचं वाईट झाल्याचं दूधघरातल्या माझ्या एकोणतीस वर्षांत मी पाहिलं नाही.

पण ती बाई. इल्से, मला ती अजिबात आवडली नाही. दूध नाकारते आणि गायीकडं टक लावून बघते. रिकामा गोठा आणि भरल्या गोठ्यावर डोळा. पास्टरसाहेब याला अडाणीपणा म्हणतात, पण पास्टरसाहेबांनी कधी धार काढली आहे का? तू तेव्हा आठ-नऊ वर्षांची होतीस म्हणून तुला नीट ठाऊक नसेल, म्हणून सांगते. आपल्या गल्लीतली कासलमनबाई आठवते? माझ्या गायीचं दूध एकाएकी तार धरायला लागलं होतं. जानेवारीचे दिवस. मी आईच्या रीतीप्रमाणं केलं. दारं-खिडक्या लावल्या, दुधात तीन सुया टाकल्या आणि उकळत ठेवलं. ज्याची नजर असेल त्याला त्या सुया टोचतात आणि तो काहीतरी मागायला धावत येतो. दूध उतू जायच्या आत दारात कासलमनबाई! हातात मातीचं मडकं. मी दार उघडलं नाही. तिच्याशी बोललेसुद्धा नाही. गल्लीतल्या पाचही घरांना सांगून ठेवलं की तीन दिवस हिला काही द्यायचं नाही, हिच्याशी बोलायचं नाही. पाचही घरांनी पाळलं. तिचा नवरा आजारी होता, तो त्याच आठवड्यात गेला. म्हणजे उलटलं कोणावर ते बघ. वसंतात ती गाव सोडून गेली आणि माझं दूध मधासारखं झालं.

तेव्हा लक्ष ठेव. दुधात, वासरात, कोणात काही बिघडलं तर सुया टाक, आणि जो पहिला येईल त्याला तीन दिवस दार बंद. मन घट्ट करावं लागतं. पोरीसाठी करशील.

इथं मालकानं मुलाचं लग्न ठरवलं आहे. सून आली की दूधघराच्या किल्ल्या तिच्याकडं जातील. मग माझं इथं काय? तुमच्याकडं यायचा विचार डोक्यात घोळतो आहे. योस्टला म्हणावं, मेव्हणीला झोपायला एक फळी ठोकून ठेव.

तुझी ताई
गेशे


प्रुइटचा ओहोळ
२ ऑक्टोबर १८४५

ताई,

तुझं पत्र एकोणीस सप्टेंबरला पोचलं, आणि मला वाटलं देवानंच पाठवलं. दोन महिने पावसाचा थेंब नव्हता. ओहोळाचे नुसते गोटे उरले होते. ब्लेसेचं दूध वाटीभरावर आलं होतं आणि डोर्टे रिकामी वाटी चाटत बसायची.

पत्र वाचलं त्याच दिवशी मी तिला घळीत नेलं. ताई, तू न बघता बरोबर सांगितलंस! वर सगळं जळून खाक आणि खाली गारवा, हिरवंगार. कमरेएवढी रोपं, पानं तळहाताएवढी रुंद, शेंड्याला पांढऱ्या फुलांचे झुबके. ब्लेसे तोंड वर न करता दिवसभर चरली. चौथ्या दिवशी कासंडी भरली. मी आनंदानं रडले. योस्टला आणि डोर्टेला पोटभर पाजलं, लोणी काढलं. मी स्वतः भाजलेल्या जवाची कॉफी पिते, दूध त्या दोघांना पुरावं म्हणून.

मग सोमवारी वासराला कापरं भरलं. उभं राहायचं, चार पावलं टाकायचं, पाय लटपटायचे आणि गुडघ्यावर यायचं. संध्याकाळी गेलं. गाय मात्र ठणठणीत! डोळे स्वच्छ, कास मऊ, दूध दाट. योस्ट म्हणाला, सापबीप चावला असेल. पण दुसऱ्या दिवशी त्याचेच पाय जड झाले. कुऱ्हाड दोनदा उचलली आणि खाली बसला. आणि डोर्टे सकाळी वाटी घेऊन आलीच नाही. अंथरुणातून म्हणाली, "आई, माझे पाय झोपलेत." तेव्हापासून उलट्या होताहेत. तिच्या श्वासाला कसलासा गोड, कुजक्या सफरचंदासारखा वास येतो. असा वास मी कधी घेतला नव्हता.

काल सकाळी मी सुया टाकल्या. दार लावलं, खिडकीला घोंगडी बांधली. दूध वर यायला लागलं आणि दारावर थाप! ताई, तू लिहिलंस तसंच! फटीतून पाहिलं तर तीच. वासरू पडलं होतं तिथून पळत आली होती, धापा टाकत होती. आणि तिनं मागितलं काय असेल? दूध! माझ्या कासंडीकडं बोट दाखवून दोन्ही हात पुढं केले, दे, दे म्हणून. मे महिन्यात जिनं वाटीला हात लावला नाही तिला आज अख्खी कासंडी हवी होती. मी कडी घातली.

ती गेली नाही. दार बडवत राहिली, ओरडत राहिली. मग खिडकीपाशी आली. मी घोंगडी घट्ट धरून बसले. दुपारी शांत झालं म्हणून फटीतून बघते तर अंगणातल्या धुळीत काठीनं चित्र काढत होती. गाय काढली, गायीमागं झाडं, आणि त्यांच्या खाली चार आडव्या रेघा. तीन आखूड, एक लांब. रेघांवर काठी आपटायची आणि माझ्या दाराकडं बोट करायची. आम्ही तिघं आणि वासरू, चार होतात ना! वासरू तर गेलंच. ती घरी गेल्यावर मी बाहेर जाऊन केरसुणीनं सगळं पुसून काढलं. 

आज दुसरा दिवस. सकाळी उंबऱ्यावर मधाची बरणी आणि मक्याच्या दारूची बाटली ठेवलेली सापडली. दोन्ही मी शेणखड्यात ओतली. तीन दिवस देणंही नाही आणि घेणंही नाही, असंच असणार ना? तू लिहिलं नव्हतंस, पण मी तेच धरलं. योस्ट पडल्या पडल्या म्हणतो, "अगं, विचारून तरी बघ काय म्हणते." मी त्याला म्हटलं, "तिकडं एक मूल मी याला-त्याला विचारत बसण्यात घालवलंय." 

डोर्टे फार मलूल आहे. पण पिते आहे. तू म्हणालीस तसं दुप्पट देते, तासातासाला अर्धी वाटी, धारोष्ण. मिशी मीच पुसते, मागायची ताकद नाही तिच्यात. उद्या तिसरा दिवस. उद्या संपेल हे सगळं. मी मन घट्ट केलं आहे, ताई.

इल्साबाइन


इबुर्ग
१० डिसेंबर १८४५

इल्से,

तुझं पत्र परवा आलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा छाती फुगली. शाबास, म्हटलं, आईची लेक. दूधघरात सांगितलंसुद्धा.

पण काल साय काढताना हात थांबला. तेव्हापासून चैन नाही, म्हणून घाईघाईनं लिहिते आहे. गाय ठणठणीत आणि वासरू मेलं, असं कसं? नजर लागते ती गायीला लागते. कास सुजते, दूध फाटतं, रक्त येतं. तुझ्या गायीचं दूध वाढलं. आणि जे आजारी पडले ते सगळे दूध पिणारे. वासरू, योस्ट, डोर्टे. तू पीत नव्हतीस आणि तू उभी आहेस.

वसंतात आपल्या गाई रानलसूण खातात तेव्हा लोण्याला लसणाचा वास येतो, हे मी दर वर्षी नव्या पोरींना शिकवते. गाय खाते ते दुधात उतरतं. मी शिकवते, इल्से! आणि तुला लिहिताना मला ते आठवलं नाही. इथल्या रानातलं पान न् पान मला माहीत आहे. तिथलं एकही नाही. हे मी कसं विसरले?

तेव्हा माझं ऐक. गायीनं काय खाल्लं ते मला नीट लिही. त्या पांढऱ्या फुलांचं एक पान दाबून पाठव. आणि माझं पुढचं पत्र येईपर्यंत डोर्टेला दूध देऊ नकोस. थेंबभरही नको. पेज दे, मध दे.

कदाचित माझं म्हातारपणाचं भिणं असेल आणि पत्र पोचेल तेव्हा ती अंगणात धावत असेल. तर मग हस मला. त्या बाईला मात्र दार उघडायची घाई करू नकोस, तिचं काही मला अजून कळत नाही.

किल्ल्या फेब्रुवारीत जाणार. मी ब्रेमेनच्या जहाजाची चौकशी केली आहे. डोर्टेसाठी लोकरीचे पायमोजे विणायला घेतले आहेत, लाल आहेत. तिच्या पावलाचं माप दोऱ्यानं घे आणि दोरा पत्रात घालून पाठव.

गेशे


प्रुइटचा ओहोळ
१८ फेब्रुवारी १८४६

गेशेताई,

दोरा पाठवत नाही.

डोर्टे तीन ऑक्टोबरला दुपारी गेली. तिसऱ्या दिवशी. दार बंद होतं. माझं मागचं पत्र तू वाचलंस त्यात ती जिवंत होती, कारण मी ते आदल्या दिवशी लिहिलं होतं. टपालात टाकलं तेव्हा ती नव्हती. पुढची ओळ लिहायला हात धजला नाही. तुला दोन महिने तरी ती पत्रात असू दे, असं वाटलं. की मला तुला शिक्षा करायची होती, ते आता मलाच सांगता येत नाही.

गायीनं काय खाल्लं म्हणून विचारतेस. तू सांगितलंस ते.

चौथ्या दिवशी सकाळी मी कडी काढली. टॅबिथा लाकडांच्या ढिगाशी बसून होती. किती वेळ ते माहीत नाही, डोक्यावरच्या रुमालावर दव होतं. माझ्या एका हातावर डोर्टे आणि दुसऱ्या हातात कासंडी. कासंडी का उचलली होती देव जाणे, रोज सकाळी उचलते म्हणून असेल. ती उठली. आधी माझ्या हातातली कासंडी घेतली आणि दूध जमिनीवर ओतलं. मग पोरीला घेतलं. मी दिलं, ताई. मला धरवत नव्हतं.

तिनं मला हाताला धरून तिच्या घरामागं नेलं, त्या रिकाम्या गोठ्यापलीकडं. तिथं चार थडगी आहेत. तीन आखूड, एक लांब. तिनं गोठ्याकडं बोट केलं, मग घळीकडं, मग ओठांशी वाटी धरल्यासारखा हात नेला. आणि मला सगळं कळलं. एक शब्द लागला नाही. जे कळायला एवढंच पुरलं असतं, ते मी केरसुणीनं पुसून टाकलं होतं.

त्याच दिवशी तिनं ब्लेसेला कुंपणात कोंडलं आणि योस्टला मध आणि दारू पाजली. तिनं दुसऱ्यांदा आणली. आपल्या वाट्याच्या मधातून. योस्ट वाचला. पाय अजून ओढतो, पण चालतो. माझ्याशी तो वाईट बोलला नाही. एकदाच म्हणाला, "विचारायचं होतं गं."  ओरडला असता तर बरं झालं असतं.

नोव्हेंबरात इथले पास्टर आले, दोन दिवसांच्या वाटेवरून. त्यांना दोन्ही भाषा येतात. त्यांच्याकरवी टॅबिथानं सांगितलं की कोणतं पान ते कोणालाच नक्की माहीत नाही. पण कोरड्या दिवसांत सावलीच्या रानात चरलेल्या गायीचं दूध माणसं मारतं. दूध देणारी गाय मात्र वाचते, ते विष दुधातून निघून जातं म्हणून. म्हणून ही सगळी माणसं गाई कोंडतात. कंटाळा म्हणून आपण हसलो ते हे. तिची पोरं सहा वर्षांपूर्वी गेली, एका आठवड्यात. नवरा शेवटी. मे महिन्यात ती रोज कुंपणाशी उभी राहायची ती गाय घळीकडं जाते का ते बघायला. नजर लावत नव्हती, ताई. ती पहारा करत होती. या रानाला राखणदार होता. आम्ही आरोळी मारली तेव्हा तिला ऐकू आलं नसेल एवढंच.

पास्टरना मी विचारलं, मी दार उघडलं असतं तर? त्यांनी टॅबिथाला विचारलंच नाही. मला म्हणाले, प्रार्थना कर. मी करत नाही.

तुझं पत्र परवा आलं. "थेंबभरही नको, मध दे." चार महिने उशिरा, पण बरोबर लिहिलंस. तुला हजारो मैलांवरून साय काढताना जे कळलं ते मला पोरीच्या उशाशी बसून कळलं नाही. तेव्हा सगळं तुझ्या माथी मारत नाही. सांगणं तुझं होतं, हात माझा होता. तासातासाला अर्धी वाटी.

एक गोष्ट मात्र विचारते आणि तिचं उत्तर तू दिलंच पाहिजेस. रोज धार काढताना माझ्या मनात तेच येतं. कासलमनबाई त्या दिवशी मडकं घेऊन कशाला आली होती? तू कधी तिला विचारलंस?

यायचं की नाही ते तू बघ. ये असं माझ्या हातून लिहवत नाही. येऊ नकोस असंही नाही.

इल्साबाइन


इबुर्ग
६ मे १८४६

इल्साबाइन,

तुझं पत्र आलं त्यानंतर आठ दिवस मी दूधघरात गेले नाही. आता जायचं कारणही उरलेलं नाही. माझ्याबद्दल मी काही लिहिणार नाही. माझं पोर गेलेलं नाही, तुझं गेलं आहे, आणि ते मी सांगितल्या वाटेनं गेलं. याच्यावर आणखी शब्द घातले तर ते माझीच समजूत काढायला होतील.

तू विचारलंस त्याचं उत्तर आणायला मी गेले. कासलमनबाई जिवंत आहे. तीन कोसांवरच्या गावात, निराधारांच्या आश्रमात असते. दृष्टी अधू झाली आहे. मी नाव सांगितलं तेव्हा तिनं आवाजाकडं मान वळवली. मग म्हणाली, "दूधवाली गेशे? बस." मी बसले नाही. उभ्यानंच विचारलं, की बाई, त्या जानेवारीत तुम्ही मडकं घेऊन माझ्या दारी आलात, तुम्हाला काय हवं होतं?

तिला आठवायला वेळ लागला नाही, इल्से. सोळा वर्षं ते उत्तर तिच्या ओठांवरच होतं. कोणी विचारलं नव्हतं.

"निखारा हवा होता गं," म्हणाली. "चूल विझली होती. सरपण ओलं, चकमकीनं पेटेना, हे थंडीनं कुडकुडत होते. म्हटलं तुझ्याकडं सदा आग असते, दूध तापत असतं. तू उघडलं नाहीस. मग पुढच्या घरी गेले, तिथंही नाही. पाच घरं हिंडले. तीन दिवस."

मग मलाच म्हणाली, "तुझ्या गायीचं काय झालं पुढं? बरी झाली ना?"

मी बाहेर येऊन रस्त्यावर बसले. येणारी-जाणारी माणसं बघत होती. बघू देत.

आता पुढचं. ब्रेमेनहून जहाज नऊ जूनला सुटतं. नदीनं वर यायला सप्टेंबर उजाडेल. मध आणते आहे, दोन मडकी, एक टॅबिथाबाईंसाठी. लाल मोजे उसवून टाकले. लोकर टाकवली नाही, ती सोबत आहे. तिचं काय करायचं ते तू सांग, किंवा नको सांगूस.

तुझ्या अंगणात आले की मी लाकडांच्या ढिगाशी बसेन. दार वाजवणार नाही, हाकही मारणार नाही. उघडावंसं वाटलं तर उघड. तीन दिवस बसायची माझी तयारी आहे.

गेशे